सहा वेळा जेवणारी धुरपता

पोटातल्या जखमेतून रक्त जायला लागलं, तेव्हा करडी गावच्या धुरपताला खाटेवर घालून बसस्टँडपर्यंत आणि तिथून नागपूरला नेलं. १९७५ सालची गोष्ट. डॉक्टरांनी अर्ध्याहून जास्त जठर कापून काढलं. घरी सोडताना सांगितलं, "एका वेळी थोडंच खायचं, पण दिवसातून सहा वेळा." सोबत इंग्रजीत लिहिलेला एक कागद दिला. तो घडी करून पेटीत गेला.

घरी सासूनं, पार्वताबाईनं, मायेनं ताटभर भात वाढला. धुरपतानं तो संपवला आणि अर्ध्या तासात तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडली, ती चुलीपुढेच आडवी झाली. त्या दिवसापासून तिनं डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं. सकाळी मूठभर भात, मग उकडलेलं अंडं, मग वरण, दुपारी तलावातली मासोळी.

पार्वताबाईला ते बघवेना.

"तुलाराम वावरातून आला नाई, अन् तू ताट घेऊन बसली?"

"हो, बसली. तुमचा पोरगा येईलच. मी पडली तं उचलाले कोन येईल?"

दोन वर्षांनी पुतणीचं लग्न होतं. बायांची पंगत बसायला तिन्हीसांज होणार हे धुरपताला ठाऊक होतं. ती सरळ पुरुषांच्या पहिल्या पंगतीत, नवऱ्याशेजारी, पत्रावळीपुढे जाऊन बसली.  भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ मारोतराव, ज्याच्यापुढे ती कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे की तोंड उघडत नसे, तो गरजला, "उठव रे तिले, तुलाराम!"

तुलारामनं मान खाली घातली. धुरपतानं पदर सारखा केला आणि वाढप्याला म्हणाली, "अर्धी पळी भात टाक. जास्त नोको."

वाढप्या मारोतरावाकडे बघत राहिला. मग त्यानं भात टाकला. ती सावकाश जेवली आणि स्वतःची पत्रावळ उचलूनच उठली.

१९७९च्या पावसाळ्यात तिचे तळवे मुंग्या आल्यासारखे झिणझिणू लागले. जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. शेताच्या धुऱ्यावरून चालताना ती दोनदा धानाच्या बांधीत पडली. कुणी म्हणालं, लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडतात, तसंच झालं. मारोतराव म्हणाला, "भासऱ्यापुढं जेवली, भोगून राहिली."

घरच्यांनी अंगारा आणला. धुरपतानं तो कोनाड्यात ठेवला, पेटीतला कागद काढला आणि तुलारामला म्हणाली, "मले भंडाऱ्याले ने. नाई नेशीन तं मी रांगत जाईन."

त्यानं सायकल काढली, तिला मागे बसवून एस.टी.पर्यंत नेलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कागद वाचला. "बी-बारा नावाचं जीवनसत्त्व कमी पडलंय. दर महिन्याला सुई घ्यायची, आयुष्यभर. इथं लिहिलंय."

"पन मी रोज मासोळी खातो, अंडी खातो!"

"खाण्यात ते आहे. पण अंगी लागायला पोटातला एक रस लागतो. तो करणारा भागच कापलाय. अंगात साठा होता तोवर चाललं."

"लिहिलं होतं तं कोनी सांगतलं काहून नाई?"

डॉक्टरांनी कागदाची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला.

"पाय पहिलेसारखे होतील?"

"बरेचसे. पूर्ण होतीलच असं नाही."

सुरुवातीला आठवडाभर रोज, मग दर महिन्याला, ती लाल औषधाची सुई सुरू झाली. जीभ पंधरा दिवसांत भरून आली. पायांना सहा महिने लागले, आणि डाव्या पायाची बोटं मात्र बधिरच राहिली. धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलात तो पाय कुठे पडतोय हे तिला वाकून बघावं लागे. ती वाकून बघायची आणि ओळ पुरी करायची.

१९८४ला दवाखान्यात नवीन नर्स आली. धुरपताला वरून खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्ही तर ठणठणीत आहात. आता सुई कशाला? बंद करा."

धुरपता बाकावर बसली आणि लुगडं बाजूला सारून दंड पुढे केला.

"ठणठणीत दिसून राहिली, ते सुईनंच. टोच."