उभ्यानं काम करायचं टेबल

मी आज जो काही आहे तो अहेरीच्या सत्तारचाचा मिस्त्रींमुळे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वेगळंच वाटू शकेल.

कॉलेजसाठी अहेरीहून नागपूरला निघालो त्या दिवशी बाबा येऊ शकले नव्हते. धानाचं रोवणं सुरू होतं. बसस्टँडवर चाचाच आले होते, दाढीत लाकडाचा भुसा तसाच. त्यांनीच बनवलेली माझी लाकडी पेटी त्यांनी टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, तिकडं लोक खुर्चीवर बसून काम करतेत म्हणते. तूही बसजो. आमच्यासारखे गुडघे नको मोडजो." पुस्तकं घेऊन बसायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत. मी हसलो. बस सुटली.

आमचं गाव आलापल्लीच्या पुढं, जंगलातलं. दहावीनंतर शिकायचं तर अहेरी गाठावी लागे, आणि वसतिगृहात मला जागा मिळाली नव्हती. चाचांशी बाबांची ओळख नांगर दुरुस्त करून घेण्यापुरती. आठवडी बाजारात बाबा त्यांना म्हणाले, "भाऊ, पोराले ठेवता का?" चाचा म्हणाले, "राहू दे ना. भुसा लय आहे दुकानात, नरम झोपंन." विचारपूस एवढीच झाली. बारावी होईपर्यंत मी त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहिलो. चाची ताट वाढायची ते घरच्यांच्या पंगतीतच.

चाचा जमिनीवर बसून काम करत. आपल्याकडचे सगळेच मिस्त्री तसे करतात. एक पाय मुडपलेला, दुसरा फळीवर. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ते पट्टी अशी धरत की रंधा कितीही जोरात मारला तरी ती हलत नसे. मी समोर बसून भौतिकशास्त्र पाठ करायचो आणि मधूनच तो पाय बघत राहायचो.

आता मी पुण्यात असतो. कंपनीत इंजिनिअर आहे, रो-हाउस आहे, खाली गॅरेज आहे. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना ठाऊक असेल, इथे स्थिरावल्यावर गावाकडची एखादी गोष्ट आपण दागिन्यासारखी मिरवू लागतो. मी ऑफिसात सांगायचो, "मी सुताराच्या वर्कशॉपमध्ये वाढलोय." लोक कौतुक करायचे. मग गॅरेजमध्ये स्वतःचं वर्कशॉप करावंसं वाटलं. जुन्या बाजारातून मोडलेल्या घराच्या सागवानी तुळया आणल्या. व्हिडिओ बघत बघत कित्येक वीकेंड घालवून भक्कम वर्कबेंच केलं. पायांच्या टोकांना कोरलेली कुसू, वरच्या तुळईत ती बसतील अशा मापाच्या खाचा, एकही खिळा नाही. कडेला फळी आवळून धरायला लोखंडी शिकंजा. चौघांनी ढकललं तरी जागचं हलत नव्हतं.

त्याच सुमारास चाचांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला साफ मनाई केली. दुकान बंद पडलं. फोनवर त्यांचा आवाज ऐकून मी म्हणालो, "चाचा, इकडे या. आता उभं राहून काम करायचं. मी टेबल बनवलंय, बघा तर खरं. जमलं तर तसंच एक तुम्हाला करून पाठवतो."

ते आले. एवढा लांबचा प्रवास करून, दुखऱ्या गुडघ्यांनी. येताना स्वतःचा रंधा फडक्यात गुंडाळून आणला होता. आणि मी काय केलं? रविवारी सोसायटीतल्या मित्रांना चहाला बोलावलं. मला माझं टेबलही दाखवायचं होतं आणि माझे चाचाही.

चाचांनी फळीला हात लावून तो कपाळाला लावला. "दिवसभर पाय ठेवतो ना इच्यावर, म्हणून आधी माफी मांगून घेतो," ते अमोलला म्हणाले. अमोल आमचा शेजारी. मी फळी शिकंज्यात आवळून दिली. चाचांनी रंधा मारला, पण हात खांद्यातून अवघडला. टेबल माझ्यासारख्या उंच माणसाच्या मापाचं होतं. त्यांच्या ते छातीपर्यंत येत होतं. त्यांनी पुन्हा जोर लावला, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप चपलेतून निघाला, टेबलाखाली वीतभर वर आला आणि अंगठा हवेत फळी शोधू लागला. मिटायचा, उघडायचा.

"काका, सायकल चालवताय का?" अमोल म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. एवढंच नाही, लहान पोराला सांगावं तसं म्हणालो, "चाचा, पाय नका हलवू."

त्यांनी फळी सोडवली, खाली ठेवली आणि बसायला वाकले. मी सर्वांसमोर त्यांचा दंड धरला. "अहो, डॉक्टरांनी नाही सांगितलंय ना!"

चाचा रंधा हातात घेऊन उभेच राहिले. "वर उभं राहून होत नाई, खाली तू बसू देत नाई," ते म्हणाले. "मंग मी काम कुठी करू, मास्तर?"

चाचांनी रंधा फडक्यात गुंडाळला, "टेबल लय मजबूत आहे तुहं" असंही म्हणाले आणि दोन दिवसांनी परत गेले.

ज्या पायाकडे बघत मी बारावी झालो त्याचा विचार टेबलाचं माप घेताना मला एकदाही आला नाही. माप मी व्हिडिओतून घेतलं. पुण्यात माझ्या हातून चुका होतात, मी सॉरी म्हणतो आणि विसरतो. लाज वाटते ती फक्त अहेरीपुढे. म्हणून मला वाटतं, घर अजून तेच आहे.

गेल्या महिन्यात मी त्या टेबलाचे पाय कापले. आता ते खुर्चीएवढंच उंच आहे. ट्रान्सपोर्टनं अहेरीला पाठवलं. सोबत हे पत्र दिलं:

"चाचा, सलाम.

टेबल पाठवून राह्यलो. आता याच्यावर उभं राहायचं नाई, बसायचं. खुर्चीवर टेकता तसं टेका, मंग दोन्ही पाय टेबलावरच सरळ लांब करा. गुडघा मोडत नाई, आणि फळी पायात धरता येते. मी स्वतः बसून पाह्यलं. माह्या पायात फळी राहत नाई, तुमच्या राहीन. डॉक्टरले विचारलं, पाय सरळ असले तर चालते म्हणाले.

जमलं नाई तर तसं सांगा. माहं मन राखाले 'मजबूत आहे' नका म्हणू. मी दिवाळीले येतो, आपण दुसरं काही करून पाहू.

त्या दिवशी मी सगळ्यांसोबत हसलो. तुमी पाह्यलं, मले माहीत आहे.

तुमचा मास्तर"