ताइफच्या टेबलावर एकदाच विचारतात

माणूस विनाकारण गोड वागायला लागला की मला धडकी भरते. आमचे हे दोन आठवडे गोड वागत होते. नवा अबाया आणला, चहाचा कप स्वतः विसळला, आणि एका गुरुवारी म्हणाले, "उद्या ताइफला जाऊ. साहेबांनी बोलावलंय. गुलाब बघू, जेवू, रात्री परत." साहेब म्हणजे ह्यांच्या जेद्दातल्या साइटवरचा जुना फ्रेंच इंजिनिअर. आता नवराबायको ताइफला राहतात. माणसं चांगली, ईदला आमच्याकडे बिर्याणी खाऊन गेलेली. पण मी काय दूधखुळी आहे? कुठंतरी पाणी मुरत होतं.

काय मुरत होतं, तेही मला ठाऊक होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या कोकणातल्या बायका एकेक करून गावाला गेल्या होत्या. फॅमिलीच्या इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, फी परवडेना, म्हणून नवरे बायकापोरांना विमानात बसवून स्वतः कंपनीच्या कॅम्पात राहायला गेले. आणि जायच्या आधी प्रत्येकीला कुठंतरी फिरवून आणलं होतं. माझा बाप असाच इथं राबला. तो सुट्टीवर आला तेव्हा दारातून मीच आईला ओरडून सांगितलं होतं, "पाहुणे आले गं!" तसला पाहुणा मला माझ्या घरात नको होता.

घाट चढून बागेत पोहोचलो, तर झाडांवर गुलाबच नाहीत! म्हणे पहाटेच खुडतात. तांब्याच्या मोठ्या हंड्यांत अर्क काढत होते, वास मात्र जीव हरखेल असा. फ्रेंच बाई मला हंड्यांपाशी उभी करून फोटो काढत होती, रिकाम्या झाडांपाशीही. "सो यू रिमेंबर अस," म्हणाली. झालं! आठवण ठेव म्हणून कुणाला सांगतात? जाणाऱ्याला. आमचे हे आणि साहेब लांब उभे राहून बोलत होते. मी जवळ गेले की गप्प. आमच्या पोरीला विचारलं, "काय बोलतायत गं?" नववीतली पोर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "अम्मी, प्लीज."

जुम्म्याची नमाज पढून हे आले आणि आम्ही साहेबांच्या घरी जेवायला बसलो. पाव ताटाबाहेर, थेट टेबलक्लॉथवर ठेवलेला. जड लोखंडी भांड्यात कोंबडी होती, रस्सा काळपट. "अहो, ह्यात काय घातलंय विचारा," मी ह्यांच्या कानात म्हटलं. "कोंबडी आपल्याच बकालाच्या दुकानातली, हलाल, आणि बाकी कांदे. गप जेव," हे म्हणाले. बाईनं मला वाढलं, ते मांजरानं खावं एवढं. मग विचारलं, "मोअर?" मी म्हटलं, "नो, नो." आपल्यात पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं, लगेच हो म्हणणारी बाई हावरट. वाढणारीनं पुन्हा विचारायचं, शपथ घालायची, मग आपण ताट पुढं करायचं. बाई गोड हसली आणि भांडं उचलून आत घेऊन गेली. आत! मी बघतच राहिले. पोरीनं मात्र पहिल्या 'मोअर'लाच येस म्हणून दोनदा घेतलं होतं.

मी घरून सांदणं नेली होती, नारळाच्या दुधासकट. ती मी बाईला वाढली. "नो, थँक यू," म्हणाली. मी ऐकते होय? अजून एक, माझ्यासाठी एक, असं करत चार खायला लावली. शेवटी बिचारी पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. ह्या लोकांत नको म्हणजे नकोच, आणि विचारतात एकदाच.

उपाशीपोटी संशय दुप्पट वाढतो. संध्याकाळी पुन्हा टेबलाशी बसलो. भाज्यांचं सूप होतं आणि ऑम्लेट. साहेब हसत मला म्हणाले, "गावी, कोकणातल्या समुद्रकाठी परत जायचं म्हणून तुम्ही खूश आहात ना? ह्यांनी सांगितलं." हे एकदम पावाचे तुकडे करायला लागले. पोरीनं मोबाइल खाली ठेवला.

"मी कधी म्हटलं?" मी ह्यांना विचारलं.

"मागे विचारलं होतं ना, गावाची आठवण येते का म्हणून. तू म्हणालीस, येतेच की."

"आठवण येते म्हणून कुणी पाठवून देतं?"

"घरी गेल्यावर बोलू," हे मराठीत पुटपुटले. "पुढच्या महिन्यात तुम्ही दोघींनी जायचं ठरवलंय मी. चालेल ना तुला?"

बाई सूपचं भांडं हातात धरून माझ्याशेजारी उभी होती. तिला आमचं भांडण कळत नव्हतं. "मोअर?" तिनं विचारलं.

मी बशी पुढं केली. "येस," म्हटलं, आणि ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "नाही चालणार. मला इथंच राहायचंय. एका खोलीत राहू, पण तिघं राहू."

ह्यांनी आपल्या रीतीनं पुन्हा विचारलं, "नक्की? तिकडं घर आहे, आई आहे." मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना ह्यांचा आवाज फाटला. "मला काय तुम्हाला पाठवायची हौस आहे?" मी तेच सांगितलं.

मग ह्यांनी पाव खाली ठेवला, बाईच्या हातातलं भांडं घेतलं आणि माझी बशी काठोकाठ भरली.