तोंडासकट हात

शकुनचा आवाज कानावर पडल्याशिवाय पवनीच्या मासळी बाजारात सकाळ होत नाही. बाई ढिवराची, तोंडानं तिखट आणि कामाला वाघ. ढिवर मोहल्ल्यात जाळं फेकायचं ते पुरुषांनी, मासोळ्या विकायच्या त्या बायांनी, असा पूर्वापार रिवाज. पण नवरा बाबुलाल गुडघ्याच्या दुखण्यानं घरी बसला, तेव्हा शकुननं पदर खोचला, डोंग्यात उभी राहिली आणि जाळं फेकायला शिकली. मोहल्ल्यानं नावं ठेवली. तिनं ती कानाआड केली आणि जाळं आणखी लांब फेकलं.

त्या जाळ्यापायीच सिनेमावाले तिच्या दारात आले. जुन्या काळातल्या एका बंडखोर दरोडेखोराचा सिनेमा होता. सरदारांची कोठारं फोडायची आणि धान्य गोरगरिबांत वाटायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या टोळीत हर जातीचा, हर बोलीचा माणूस असणार, हे दिग्दर्शक योगेंद्र भेटेल त्याला कौतुकानं सांगे. शिपाई पाठीस लागतात, घाटावरची ढिवरीण त्यांच्यावर जाळं फेकते आणि नायक वैनगंगेत उडी घेतो, असा प्रसंग होता, आणि जाळं फेकायला त्यांना शकुन हवी होती. शकुन हरखली. आजवर पाहिलेल्या सिनेमांत तिला ढिवरीण दिसली नव्हती. दिसलीच तर टोपली घेऊन मागून जाणारी, तीही पाठमोरी. आता आपलं तोंड पडद्यावर येणार, हे तिनं बाजारभर करून टाकलं.

घाटावर गेली तर ढिवरीण होऊन बसली होती मुंबईची टीना. केळीच्या गाभ्यासारखी गोरी. जाळं फेकताना शकुनचे नुसते हात पडद्यावर घ्यायचे होते. त्यात रंगाची डबी घेऊन एक माणूस तिच्या मनगटावरचं गोंदण झाकायला आला. शकुननं हात ओढून घेतला.

"काहून झाकता?"

"मावशी, टीनाच्या हातावर गोंदण नाही ना. हात तिचेच वाटले पाहिजेत," योगेंद्र म्हणाला.

"हे माह्या मायनं गोंदवून देलं. मेल्यावर अंगावरचं सारं इथंच राह्यते, गोंदण तेवढं संग येते. मी झाकत नाही."

"बरं, मग टीनाच्या हातावर तसंच काढू."

"आन् सांजच्याले साबणानं धुऊन टाकाल! नाही चालत बाप्पा. टोळीत सारेच पायजे म्हणता, मंग ढिवराच्या बाईचं तोंड काहून नको? हात पायजे असन, त तोंडासकट घ्या."

एवढं बोलून ती सरळ घरी निघाली. बाबुलाल लंगडत मागे. "अवं, हात त हात! सिनेमात त जाऊन राहिली होती!"

तिनं वळूनही पाहिलं नाही. पण घरात शिरली आणि तिला रडू कोसळलं. इतकी हौस होती, आणि आपल्याच तोंडानं आपण ती घालवली, हे तिला फार लागलं. उद्या बाजारात सगळे विचारणार, तेव्हा सांगायचं काय?

तिकडे घाटावर टीनाला जाळं उचलता उचलेना. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कुठल्याच बाईनं जाळ्याला कधी हात लावलेला नव्हता. शेवटी बाबुलालला परत बोलावून त्याच्या केसाळ हातांत बांगड्या भरून पाहिल्या. अख्खा घाट हसून हसून लोळला, खुद्द टीनासुद्धा. दुसऱ्या दिवशी योगेंद्र मासळी बाजारात येऊन उभा राहिला.

"मावशी, चला. तोंडासकट."

"गिऱ्हाईक उरकू द्या," शकुन म्हणाली, आणि खरंच उरकूनच गेली.

सिनेमा भंडाऱ्याला लागला तेव्हा ढिवर मोहल्ला टेम्पो भरून गेला. शकुन मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली. सिनेमाच्या कापाकापीत आपलं तोंड गेलं असलं तर, ही धास्ती तिला होती. पडद्यावर शिपाई धावत आले. जाळं फिरलं, गोंदलेला हात दिसला, आणि मग पडदाभर शकुनचं तोंड आलं, काळंसावळं, घामानं चमकणारं, दात आवळून जाळं ओढणारं. बाजार डोक्यावर घेणाऱ्या शकुनच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या.

पुढे नायक नदीपार झाला की बुडाला, हे पवनीच्या माणसांना आजही सांगता येत नाही. त्या वेळी ते सगळे मागे वळून शकुनकडे बघत होते.