आत्यानं गिळलेला हुकूम

आमच्या बेटावर, लापाहा गावात, कावा प्यायच्या बैठकीत बातमी पिकली, की मेलेआने आत्याचं जुन्या राजांपैकी एकाशी जमलंय. दिवसभर त्याच्या थडग्याला टेकून बसते, पुटपुटते, मान हलवते. बातमी मी पेरली नव्हती, थोडं पाणी घातलं इतकंच. खरं असं, की थडग्याच्या दगडी थरांतलं गवत उपटून तिची कंबर सरळ होत नाही. दगड गार असतो म्हणून ती टेकते. पुटपुटते ते गवताला, आणि त्यात प्रेमाचं काही नसतं.

हे काम तिच्या घराण्याकडे आहे. भाऊ फेलेती होता तोवर दोघं करत; तो त्या टोकाला, ती या टोकाला, कारण आमच्यात मोठे झालेले बहीण-भाऊ जवळ बसत नाहीत. यंदा फेलेती गेला. गवत कुठं गेलं नाही.

मातीला त्याचा मुलगा लोपेती ऑकलंडहून आला. आमच्याकडं बापाच्या मयतीत मुलगा मानानं सगळ्यांत खालचा. फाटकी चटई कमरेला गुंडाळून तो मागं डुकरं भाजत होता. आत्या सगळ्यांत वरची. ती प्रेताच्या उशाशी, मानाच्या म्हणून आलेल्या उत्तमातल्या चटया तिच्यापुढं, आणि ती सांगेल ते भाच्यानं करायचं. नाही म्हणायची सोयच नाही.

ती आता 'इथंच राहा' म्हणणार, हे गावानं धरलंच होतं. लोपेतीनंही. तिकडं बायको, दोन पोरं, नुकती लागलेली नोकरी. बिचारा सुरणाची टोपली नेतानाही तिच्याकडं बघत नव्हता.

मी हळूच म्हटलं, "आत्या, एक शब्द टाक. तुझी कंबर सुटेल."

"तुझी जीभ सुटलीय तेवढी पुरे."

माती झाल्यावर तिनं त्याला बोलावलं. तो समोर जमिनीवर बसला, मान खाली. बायकांचे पंखे थांबले. आत्यानं त्याचे भाजलेले हात बघितले.

"या चटया घेऊन जा," ती म्हणाली. "तिकडं थंडी असते. पोरांच्या अंगाखाली घाल."

"आणि मी, आत्या?"

"तू पण जा. विमान थांबत नाही."

तो रडला. तिला तेवढंही त्राण नव्हतं.

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघतो तर ही पुन्हा दगडाला टेकलेली, ओंजळीत मुळं.

"हुकूम ओठांवर होता, गिळलास," मी म्हटलं. "आता बस गवत उपटत जन्मभर."

तिनं डोळेही उघडले नाहीत.

"हुकमानं थांबलेला माणूस गवत वरवर ओरबाडतो, मुळं मलाच ठेवतो. तुझी काही मी सख्खी आत्या नाही, तुला हुकूम कसा देणार? पण तुझी बायको म्हणत होती, तू घरात नसलास की तिला बरं वाटतं. जा, त्या टोकाला बस."