सत्तरच्या वरची वाफ

सत्तरमामांचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. बॉयलर पेटवायचा, पाण्याची पातळी बघायची, मगच चहा. सहाला आम्ही पुलाच्या तुळयांच्या साच्यांत काँक्रीट भरून वर ताडपत्री ओढायचो. त्यानंतर चार तास मामा वाफेच्या कॉकला कुणाला हात लावू देत नसत, आणि वाफ सोडली की पारा सत्तरच्या वर चढू देत नसत. नाव त्यावरूनच पडलं. घरी चहा तरी उकळू देता का, असं कुणी छेडलं की म्हणायचे, "चहावरून ट्रक जात नाही."

एकदा मामींना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून मामांनी कॉक माझ्या हवाली केला. तुळया साच्यातून निघाल्याशिवाय सुट्टी नव्हती आणि मला घरी पळायचं होतं. मी दोन तासांतच वाफ सोडली, पारा नव्वदवर नेला. तुळया दगडासारख्या टणक निघाल्या. पाऱ्याच्या नोंदवहीत मी सत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी मामांनी काही न विचारता खाली सही केली.

तीन वर्षांनी त्याच तुळयांना, नाल्यावरच्या पुलात, जाळीसारख्या भेगा पडल्या. साहेबांनी आम्हाला उभं करून सांगितलं, सिमेंटमधल्या जिप्समपासून सुईसारखे स्फटिक बनतात, ते काँक्रीट मऊ असतानाच बनायला हवेत. फार तापवलं तर तेव्हा बनत नाहीत. पुढे ओल लागली की घट्ट काँक्रीटच्या पोटात बनतात आणि ते आतून फोडतात.

वहीत सही मामांची होती. त्यांना काढलं. मी साचे घासत राहिलो. तीस वर्षं मी अंग चोरलं नाही, हे कुणाला सांगताना अजूनही त्या दिवसापाशी जीभ अडते.

आपली वाफ चुकणार नाही, सिमेंटच खराब असणार, असं मामा धरून बसले. तुळईचा एक तुकडा घेऊन ते स्वतःच तपासणीला गेले. महिन्याने कागद घेऊन माझ्या दारात आले.

"सिमेंट चांगलं होतं रे. वाफच सत्तरच्या फार वर गेली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामीच्या दवाखान्याचा दिवस कुठला होता, तुला आठवतं?"

मी म्हणालो, "नाही मामा."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि ते गेले. त्या तपासणीला त्यांचा शेवटचा पगार लागला होता.