अर्ध्या पेल्याची काकू

लग्न होऊन मी परळीहून केजजवळच्या या गावात आले, तेव्हा शेजारच्या सुभद्राकाकूने मला घरी बोलावलं आणि हातात अर्धा पेला पाणी ठेवलं. नव्या नवरीला अर्धा पेला! मला रागच आला. काकू मात्र समोर उभीच. पाणी संपल्यावर म्हणाली, "आजून लागलं तर माग, लाजू नगं. पर टाकायचं न्हाई."

पुढे कळलं, हा मान सगळ्यांनाच होता. तलाठी येवो की जावई, पेला अर्धाच भरायचा. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला, भांडी विसळलेलं कढीपत्त्याला. अंघोळसुद्धा ती बाजेवर बसून करायची, खाली घमेलं ठेवून. त्या पाण्यात मग गोधड्या भिजायच्या. आमच्याकडे नळ वाहता राहिला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "समदी मेली का गं तिकडं?" मी हातातलं टाकून नळाकडे पळायची.

निम्मं आयुष्य तिने ऊसतोडीत काढलं होतं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन कारखान्यावर जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. "तिकडं उसात पाणी लोळतंय," ती सांगायची, "आन हितं घागरीसाठी मानसं भांडायलीत. एकाच राज्यात गं!" एकदा मी तिला पेपरातलं वाचून दाखवलं, की परदेशातल्या मोठमोठ्या शहरांतही नळ कोरडे पडायला लागलेत. मला वाटलं, आता ती चार शब्द सुनावणार. ती हळहळली. "त्येंला सवय न्हाई गं. लई हाल व्हतील बिचाऱ्यांचे."

तिची ही सवय अंगाशी आली ती रेखाच्या, म्हणजे तिच्या धाकट्या मुलीच्या सोयरिकीत. दिंद्रुडचं स्थळ होतं, मुलगा शिकलेला, रेखालाही मनापासून पसंत. "आई, आज तेवढे पेले भरून दे," रेखाने अक्षरशः हात जोडले होते. काकू हो म्हणाली. पण हाताला वळण पडलेलं. तांब्या कलला आणि अर्ध्यावर थांबला. मुलाच्या मामाने पेल्यात डोकावून पाहिलं.

"आमी काय अर्ध्या पेल्याचे पावणे हाव का? गावात तर नळ आलाय म्हणं."

काकूने पेला काठोकाठ भरून दिला. मामाने दोन घोट घेतले आणि उरलेलं अंगणात भिरकावलं.

"मागितलं कावून मग?" काकू कडाडली. "नळ आलाय, पर तलावात पाणी कुणी आणून वततंय का?"

पोहे तसेच राहिले. सोयरीक मोडली. रेखा आईशी बोलेनाशी झाली, आणि काकू माझ्या ओट्यावर बसून डोळे पुसायची. "माझ्या हातानं पोरीचं वाटोळं केलं गं." मला दोघींसाठीही वाईट वाटायचं. मामाची मात्र आजही चीड येते.

पुढचं स्थळ आलं, तेव्हा काकू आपणहून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "तिथं असले की काय तर बोलून बसंन," म्हणाली. पलीकडे जीप थांबली, बोलणी सुरू झाली. काकूचा सगळा जीव भिंतीपलीकडे. तेवढ्यात मागच्या दाराने रेखा आली, नव्या साडीच्या निऱ्या सावरत.

"आई, चल. पावणे तुला इचारायलेत."

"नगं बाई. पुन्यांदा तसंच झालं तर?"

"झालं तर हू दी. तुला झाकून ठिवून लगीन केलं तर मी तिथं नांदू कशी? मी बी तुझ्यासारखीच हाय की."

ते स्थळ जमलं. रेखा आज त्याच घरी सुखाने नांदते आहे. काकू गेल्या उन्हाळ्यात गेली. मला ती दिसते ती त्या दुपारचीच: लेकीचा हात घट्ट धरून, मान वर करून पाहुण्यांसमोर जायला निघालेली.