हुशारचं इंग्रजी

कुरखेड्याच्या आमच्या घरात धाकटी जाऊ येईपर्यंत इंग्रजी म्हणजे मी. औषधाची चिठ्ठी, बँकेचा निरोप, सगळं माझ्याकडे यायचं. बी.ए.च्या वेळी मी समानार्थी शब्दांचं गाईड घोकलं होतं. एका मराठी शब्दापुढं चार इंग्रजी शब्द. मला वाटायचं, चारांतला कुठलाही उचलावा, काम होतं.

मग ही चंद्रपूरहून आली. कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. महिन्याभरात सासूबाई म्हणायला लागल्या, “धाकटीले विचार ना, तिले बराबर समजते.” मी भाताचं आधण ठेवता ठेवता ऐकायची आणि चुलीत लाकूड जरा जोरातच सारायची. ती गोड होती, हे तर आणखीच सोसवत नव्हतं.

आमच्या बचत गटाचे मोहफुलांचे लाडू बघायला परदेशातून दोन बाया आल्या. अध्यक्ष मी, म्हणून ओळख मी करून द्यायची. धाकटीची ओळख करून द्यायची वेळ आली. स्मार्ट तिला सगळेच म्हणत. कौतुक करायचंच, तर जरा वजनदार शब्दानं करावं म्हणून मी हुशारपुढचा तिसरा शब्द घेतला. “शी इज व्हेरी कनिंग.”

पाहुण्यांचं हसू थांबलं. जाऊ क्षणभर लाल झाली. मग हसत हसत भरभर काहीतरी बोलली. पाहुण्याही हसल्या, एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याच वाक्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

संध्याकाळी भांडी घासताना विचारलं, “काय सांगितलं व तू त्याहिले?”

“म्हटलं, आमच्या इकडं हुशार बाईले लाडानं असं म्हणतेत.”

“मंग त्याचा अर्थ काय?”

तिनं हातातलं ताट बाजूला ठेवलं. “कपटी, बाई. कावेबाज.”

माझ्या हातातली राख तशीच राहिली.

“तुमाले खरंच माहीत नोयतं?” तिचा आवाज बारीक झाला. “मले वाटलं, मनातलंच निंगालं.”

“नाई व,” मी म्हटलं. खरंच होतं ते. तरी तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर ती मला शब्द सांगू लागली. कोणता मायेचा, कोणता टोचणारा. मी शिकले. पण तिनं न अडखळता एखादं वाक्य म्हटलं की अजूनही आतून जळते.

पुढच्या हिवाळ्यात दुसरे पाहुणे आले. मी म्हटलं, “तूच बोल.” ती ऐकेना. “तुमी अध्यक्ष हाव. तुमी मराठीत बोला, मी सांगतो त्याहिले.” मी मन लावून बोलले, मोह वेचणं, सुकवणं, पहिल्यांदा पाक बिघडला ते, सगळं सांगितलं. तिनं त्याचं दोन वाक्यांत इंग्रजी केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तिच्याकडे बघून.

बाकीचं माझं बोलणं कुठं गेलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.